गणपतरावांनी गोल केलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पॅटर्न आहे. तोंडं वाकडी करू नका, सांगतो! पाण्याच्या पंपाच्या पोटात एक लोखंडी पंखा गरागरा फिरतो आणि नदीचं पाणी वर उसाला चढवतो. तो ओतायचा म्हणजे आधी त्याच रूपाचा लाकडी पंखा लागतो. त्याला काळ्या वाळूत दाबतात, अलगद उचलून घेतात आणि उरलेल्या खळग्यात लोखंडाचा रस ओततात. तो लाकडी पंखा म्हणजे मी. लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून मी माझ्या लेकरांपेक्षा किंचित मोठा असतो. आईबापानं मोठंच असावं, नाही का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आप्पासो मगदूम यांचा पंपाचा कारखाना होता. त्यांनीच मला घडवून घेतलं. पण मी राहायला मात्र गणपतरावांच्या फाउंड्रीत होतो, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात. आमच्याकडे रीतच तशी. ज्याच्याकडून ओतून घ्यायचं, त्याच्याकडे पॅटर्न विश्वासानं ठेवायचा. खंडेनवमीला गणपतराव आम्हा सगळ्या पॅटर्नना हळदीकुंकू लावायचे आणि आप्पासो पेढे घेऊन यायचे. दोघं एका शाळेतले, त्यामुळे बोलणं अगदी अरे-तुरेचं.

माझ्या एका पात्याच्या बुडाशी आतला कोपरा फार तीक्ष्ण होता. वाळूतून उचलताना तिथली वाळू ढासळायची. एकदा गणपतराव वैतागून म्हणाले, "आप्पा, हितं वाळू तुटतीया रं. जरा मेण भरून गोल करू काय?"

"कर की! मला काय इचारतोस?" आप्पासो म्हणाले.

गणपतरावांनी अंगठ्यानं मेण दाबून तो कोपरा गोल केला. वाळू तुटायची थांबली. आणि गंमत बघा, त्या पंख्यात उसाचा पाला अडकायचाही थांबला! असं का झालं, ते दोघांनाही कळेना. मग इंजिनिअरिंग कॉलेजातल्या अनुजा मॅडमना बोलावलं. त्यांनी पंप पाण्यात चालवून पाहिला, पाण्याची वाट समजावून सांगितली आणि माझे बाकीचे कोपरेही कुठे किती गोल करायचे ते आखून दिलं. एकाला वाळू कळत होती, एकाला पंप, एकीला पाणी. तिघांनी मिळून माझं सोनं केलं. गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत 'न तुंबणारा पंप' म्हणून लोक आमचं नाव घ्यायला लागले. मी तर फुगून टम्म झालो होतो!

पण चांगल्याला दृष्ट लागते म्हणतात, ते खोटं नाही. आप्पासोंचा मुलगा केतन कारखाना बघू लागला. हुशार पोरगा, पण मनात सदा शंका. एका शेती प्रदर्शनात त्याला दुसऱ्या कंपनीचा पंप दिसला. त्यातही तसेच गोल कोपरे! काकांनीच आपला पॅटर्न त्यांना दाखवला, असं त्याच्या मनानं घेतलं. केतन तडक फाउंड्रीत आला आणि कामगारांसमोर म्हणाला, "काका, आमचा पॅटर्न परत द्या."

सगळ्यांचे हात थांबले. मित्रांनो, आमच्याकडे पॅटर्न परत मागणं म्हणजे सोयरीक मोडणं असतं.

गणपतरावांनी खांद्यावरच्या टॉवेलनं मला पुसलं. "केतन, पोरा, तुमचा पंप दुकानात मिळतो न्हवं? मग कुणी इकत घिऊन खोलून बघितला नसंल व्हय?"

केतननं मला उचलून काखेत मारलं. आप्पासो बाहेर गाडीत बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं, पण ते खाली उतरले नाहीत. मला फार वाईट वाटलं. लाकडाला रडता येत नाही, एवढंच.

पुढे सगळं, अगदी ओतकामसुद्धा, मगदुमांच्या कारखान्याच्या आतच करायचं ठरलं. बाहेरच्या कुणाला काही दाखवायचं नाही. अनुजा मॅडमनाही फाटकावरूनच परत पाठवलं. मला तेल लावून काचेच्या कपाटात बसवलं आणि माझ्यावरून दुसरे पॅटर्न करून घेतले. एका वर्षी महापूर आला आणि त्यानंतर नदीला बारीक रेती फार येऊ लागली. तिनं पंख्याच्या पात्यांची टोकं झिजायला लागली. आतल्या लोकांनी टोकं जाड केली, तर पंपाला वीज जास्त लागू लागली. पातळ केली, तर तुटायला लागली. विचारायचं कुणाला? दारं तर आपणच लावून घेतलेली! गिऱ्हाइकं गेली. मगदुमांचं काम सुटल्यावर तिकडे गणपतरावांची भट्टीही विझली होती.

शेवटी केतनच खाली मान घालून म्हणाला, "पप्पा, काकांकडं जाऊया काय?"

आप्पासोंनी मला छातीशी धरलं आणि गणपतरावांच्या घरी नेलं. दार त्यांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी उघडलं. गणपतराव कॉटवर बसून होते. अर्धांगवायूनं त्यांचं अर्धं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. आप्पासोंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. गणपतरावांनी मला लगेच ओळखलं. चांगला हात माझ्यावरून फिरला आणि अंगठा बरोबर पात्याच्या टोकाशी जाऊन थांबला. तिथे ते घासू लागले. पुन्हा पुन्हा तिथेच. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण नुसता घशातून आवाज येत होता.

"गणप्या, सांग की रं! काय करायचं हितं? मेण भरू? तासू?" आप्पासो रडत विचारत होते. गणपतराव प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणत होते, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लई वाट बघितली ओ तुमची," धोंडुबाई म्हणाल्या. "टोक झिजतंय ते ह्यांनी कवाच ऐकलं हुतं. 'आप्पा आला की सांगतो' म्हणायचे. तवा बोलत हुते की."

मी आता तिथेच असतो, गणपतरावांच्या उशाशी. आप्पासो रोज येतात. अनुजा मॅडमही परत येऊ लागल्या आहेत आणि केतन त्यांच्या शेजारी खाली बसून ऐकतो. माझ्या टोकाला मेण लावून बघतात, काढतात, पुन्हा लावतात. गणपतरावांची मान अजून 'नाही' म्हणूनच हलते.

मित्रांनो, आपलं शहाणपण कुणी चोरेल म्हणून दारं लावून घेऊ नका. त्यातलं अर्धं शहाणपण दाराबाहेरच्या माणसाकडे असतं. त्याच्याशी अबोला धरला असेल, तर आजच जा. माणूस बोलतोय तोवर विचारून घ्या.