किसनकाकांचा सिक्सर

मी उन्मेषची रॅकेट बोलतेय. दचकू नका, पोलीस उधळून लावतात ते रॅकेट वेगळं! मी टेनिसची. जन्म परदेशी कारखान्यातला, पण उल्हासनगरच्या दुकानातून अंबरनाथला आले आणि इथलीच झाले.

माझा मालक व्यावसायिक टेनिस खेळतो. जगाच्या क्रमवारीत त्याचं नाव आहे, फक्त ते शोधायला पार तळाशी जावं लागतं. आमच्या गल्लीत मात्र टेनिस म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट. शेजारचे किसनकाका तर क्रिकेटची टीमच चालवतात. ते नेहमी विचारायचे, "काय रे, बॅटिंग का बॉलिंग?" समजावून थकलेला उन्मेष शेवटी म्हणायचा, "ऑलराउंडर, काका." मला भारी राग यायचा. मी काय बॅट आहे?

आम्ही गावोगाव हिंडलो. स्वस्तातला लॉज, पहिल्याच फेरीत हार, पुन्हा बॅग खांद्यावर. तरी घरी आल्यावर तो मला नवी ग्रिप गुंडाळायचा आणि मी सगळं विसरायचे.

यंदा मात्र विसरून चालणार नव्हतं. क्रमवारीतला गुण वर्षभरच टिकतो. उन्मेषकडे एकच होता आणि तो संपत आला होता. पुण्याच्या स्पर्धेत पहिली फेरी जिंकली तर नवा गुण, नाहीतर यादीतून नावच जाणार.

सामन्याला किसनकाका अख्खी टीम टेम्पोत घालून हजर! शेवटच्या सेटमध्ये उन्मेषचा हात आखडला. त्याने मला इतकं आवळलं की जीव गुदमरला. घाईघाईत असा फटका मारला की चेंडू थेट कुंपणापलीकडे. हातातला पॉइंट गेला. आणि काका उभे राहून ओरडले, "सिक्सर! वा रे पठ्ठ्या!" मागून टीमच्या शिट्ट्या.

पंचांनी डोळे वटारले. उन्मेषला मात्र हसू आवरेना. हसता हसता त्याची मूठ सैल झाली, आणि मग आम्ही असे खेळलो, असे खेळलो, की समोरचा बघतच राहिला. जिंकलो!

काका धावत आले. "किती रन झाले रे?"

उन्मेषने त्यांना मिठी मारली. "एकच, काका. पण लय मोठा."

दुसऱ्या फेरीत आम्ही सपाटून हरलो, ते जाऊ द्या. आता माझा रंग उडालाय, कडा घासल्यात, पण नाव यादीत आहे आणि मी मजेत आहे. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीतही असा एखादा तळाचा खेळाडू असेल. त्याला नंबर विचारू नका, त्याचा सामना बघायला जा. टाळ्या चुकीच्या जागी वाजल्या तरी चालतील.