कावळा शिवेना

दिनकररावांच्या पिंडाला कावळा शिवत नाही, ही बातमी दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी घरांत घाटावरची माणसं परतायच्या आतच पोहोचली होती.

यमुनेच्या घाटावर दहाव्याला कावळे नव्हते असं मुळीच नाही. चांगले डझनभर कठड्यावर ओळीने बसले होते, पेन्शनीत निघाल्यासारखे. भातावर दही होतं, काळे तीळ होते, दिनकररावांच्या आवडीचं लिंबाचं लोणचंही होतं. पण एक हलेल तर शपथ! गुरुजी ‘काव काव’ करून दमले, मग कावळे दिल्लीचे म्हणून त्यांनी हिंदी सुरू केलं, “आओ, आओ भाई!”

थोरल्या चिन्मयने हात जोडले. “बाबा, सिगारेट सोडतो.”

कावळ्यांनी माना फिरवल्या.

“बाबा, आईला नीट सांभाळीन.”

एक कावळा उठून चक्क निघूनच गेला.

“त्यालाही खरं वाटेना,” विजयालक्ष्मीबाई रडता रडता म्हणाल्या.

धाकटी अपूर्वा मागे उभी होती. बाबांचा जीव कशात अडकलाय हे तिला ठाऊक होतं, किंवा तसं तिला वाटत होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि विषय मिटवला. विजयालक्ष्मीबाईंचा मिटला नाही. घरी आल्यापासून त्यांनी अन्न सोडल्यातच जमा होतं. “हे तिकडे उपाशी ताटकळलेत. मला घास कसा उतरेल?”

अपूर्वा फरिदाबादला एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करायची. मागे तिला निरोगी माणसाची चिमूटभर कातडी हवी होती, तेव्हा दिनकररावांनीच बाही वर सारली होती. “घे. जन्मभर सरकारनं सोललं, आता तू सोल.”

मग जेवणाच्या टेबलावर तिने त्यांना समजावलं होतं. माणूस सुरू होतो एका पेशीपासून. एकीच्या दोन, दोनाच्या चार. सगळ्यांकडे पोथी तीच, पण पुढे प्रत्येक पेशी आपापलं पान उघडते आणि बाकीची मिटून टाकते.

“अगं, आमच्यासारखंच की! भरती एक, परीक्षा एक. मग कुणाची नेमणूक यकृतात, कुणाची डोळ्यात, कुणाची टाचेत. टाचेतल्यानं किती का अर्ज करेना, डोळ्यात बदली नाही.”

“आम्ही करतो ती बदली, बाबा. कातडीच्या पेशीला आधी आपलं काम विसरायला लावतो. ती पुन्हा कोरी होते. मग पाहिजे तिथे नेमायची.”

“काम विसरायला एवढी प्रयोगशाळा लागते? आमच्या खात्यात पाठव.”

कोऱ्या झालेल्या पेशी मनसोक्त दुप्पट होत गेल्या. काही अपूर्वाने गोठवून ठेवल्या, काहींना हृदयाच्या वाटेला लावलं. आणि एका सकाळी काचेच्या बशीत त्या आपण होऊन धडधडायला लागल्या.

पुढे मेट्रोच्या जिन्यावर दिनकररावांचं मूळ हृदय बंद पडलं. बशीला कुणी कळवलं नाही. बशीवर अजून ‘निरोगी’ अशीच चिठ्ठी होती.

आई वाळत चालली तेव्हा अपूर्वाने एकदाचं सगळं सांगून टाकलं. विजयालक्ष्मीबाईंनी मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला.

“म्हणजे मी विधवा आहे की नाही?”

“आई, त्या नुसत्या पेशी आहेत.”

“मला ने.”

रविवारी प्रयोगशाळा रिकामी होती. विजयालक्ष्मीबाईंनी पदर खोचला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तशाच राहिल्या. खाली एक फिकट पापुद्रा आखडत होता, सैलावत होता.

“खायला काय घालतेस ह्यांना?”

“हे गुलाबी पाणी. साखर, क्षार...”

“साखर? जन्मात चहात घेतली नाही ह्यांनी.” मग हळूच, “वाढवत नेलं तर?”

“नाही गं. हृदयाची झाली की पेशी दुभंगायचीच थांबते. एक काम पत्करलं की बाकी सगळं सुटतं. आहेत तेवढ्या थकतील आणि थांबतील.”

“एक काम पत्करलं की बाकी सुटतं. ते माहीत आहे मला.”

अपूर्वाने धीर केला. “तू म्हणशील तर आजच मोकळं करते. पाणी बदलायचं नाही, बस.”

विजयालक्ष्मीबाईंनी डोळा काढला नाही. “थांबू दे कावळ्याला.”

त्या दिवशी त्या घरी येऊन पोटभर जेवल्या. मग दर रविवारी मेट्रोने फरिदाबाद. बशीपाशी बसून त्या भाजीचे भाव सांगायच्या, चिन्मयच्या सिगारेटी सांगायच्या. सिगारेटींचा विषय निघाला की बशीचे ठोके वाढायचे. अपूर्वा पडली शास्त्रज्ञ, तिने हे कुणाला सांगितलं नाही. पण मोजून पाहिलं.

हिवाळा लागला. धुक्याने दिल्ली पुसून टाकली होती, त्या रविवारी पापुद्रा कडेने निपचित पडला होता. मध्ये एक ठिपका तेवढा हलत होता, विसरून आठवल्यासारखा. मग तोही आठवेनासा झाला.

“झालं?”

“झालं, आई.”

दोघी मेट्रोने परतल्या. घरी विजयालक्ष्मीबाईंनी दहीभात कालवला, ताट घेऊन गॅलरीत बसल्या, आणि घास तसाच राहिला. तेवढ्यात धुक्यातून कावळा आला. कठड्यावरून मान तिरकी करून ताटाकडे बघू लागला.

“हाड!” घाटावर ज्याची आर्जवं केली त्याच्यावरच त्यांनी हात उगारला. “हाड मेल्या! अपू, त्या कोऱ्या पेशी गोठवल्या होत्यास ना? आहेत ना गं अजून?”

अपूर्वाने आईच्या मनगटाकडे पाहिलं. दहाव्यापासून झालेली काडी अजून भरून आली नव्हती. पुन्हा बशी, पुन्हा रविवार, आणि पुन्हा हेच मरण.

“नाही,” ती म्हणाली. “संपल्या.”

उगारलेला हात हळूहळू मांडीवर आला. कावळ्याने ताटाच्या काठावर उडी मारली आणि भाताला चोच लावली. विजयालक्ष्मीबाई मोठ्याने रडल्या, दहाव्यालाही रडल्या नव्हत्या तशा.

कावळा फसला. फरिदाबादला, गोठलेल्या नळीत, दिनकरराव अजून कोरे पडून आहेत, कुठेच नेमणूक न झालेले. अपूर्वा दर सोमवारी त्या शीतपेटीवरून जाते. ती पेटी तिने अजून उघडली नाही, आणि रिकामीही केली नाही.