जुन्या रंगाची धूळ

हवेलीचं संग्रहालय झालं तेव्हापासून ती तिथल्या नक्षीदार कपाटांचा, दारांचा जुना रंग खरवडून त्यांची दुरुस्ती करायची. त्या दिवशी पाळणाघर बंद, सासूबाईही दिवसभर बाहेर, म्हणून लेकीला सोबत नेलं. दिवाणखान्यात क्षणभर पाठ वळली आणि पोरीने रंगीत खुर्चीच्या हाताला चक्क दात लावले. ओठांवर हिरवे पापुद्रे!

जुन्या रंगात शिसं असतं, हे तिला नाही तर कुणाला ठाऊक? पोरीचं तोंड पुसून तिने थेट दवाखाना गाठला, रक्त तपासायला दिलं.

"एवढ्याने काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या. "तुझा नवरा भिंतीचे पोपडे खायचा. झाला ना इंजिनिअर?"

"म्हणूनच किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही त्याला," ती म्हणाली. पण हसू काही फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर ती डॉक्टरांकडे गेली.

"शिसं आहे. बरंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ती खुर्ची मेली—"

"खुर्चीचं नाही हे. एकदा चाटून इतकं चढत नाही. महिनोन् महिने थोडं थोडं पोटात जातंय."

"कसं शक्य आहे? घर नवं आहे. खेळणीसुद्धा मी पारखून घेते!"

"तुम्ही काम काय करता?"

तिने सांगितलं. मास्क, हातमोजे, सगळं नीट वापरते, हेही सांगितलं.

"आणि घरी गेल्यावर?"

"आधी तिला उचलते. दम कुठे निघतो तिला! माझ्या ओढणीत तोंड खुपसते, ती चोखत चोखतच झोप..."

तिची नजर ओढणीवरच्या धुळीवर गेली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बरी होईल ना हो?"

"शिसं पोटात जायचं थांबलं तर उतरेल. पण आजपासून थांबायला हवं."

घरापर्यंतचा रस्ता कसा सरला, तिला कळलं नाही. दार उघडताच लेक हात पसरून धावत आली.

"जवळ येऊ नकोस!"

असा आवाज पोरीने कधी ऐकलाच नव्हता. ती जागच्या जागी थिजली, मग तिने भोकाड पसरलं.

"अगं, वेड लागलंय का तुला?" सासूबाई ओरडल्या.

"आई, धरा तिला. पाया पडते, धरून ठेवा!"

भिंतीच्या कडेकडेने ती न्हाणीघरात शिरली, कडी लावली, अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतलं. बाहेर दारावर इवल्या थापा पडत होत्या. मग दाराखालच्या फटीतून चार बोटं आत आली, वळवळली.

ती समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी केस घासत सुटली.