मुठीच्या जागी सुरी

कासियान खड्ड्यात उतरायचा आणि वेन्डेलिन वर उभा राहून लिहायचा. बावीस वर्षं हीच रीत. ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या त्या गावातून बाहेर पडायला रस्ता एकच, रस्त्याच्या डोक्यावर बर्फाचा उतार, आणि रस्ता उघडा की बंद हे या दोघांच्या सह्यांवर ठरे.

ईस्टरच्या शनिवारी पहाटे कासियानने उतारावर छातीइतका खड्डा खणला. बर्फाच्या भिंतीत काय शिरतं ते बघायचं. नुसती सुरीच शिरली तर थर पक्का, आख्खी मूठ शिरली तर त्या उताराचा काडीचा भरवसा नाही. रात्रभर ढग होते, त्यामुळे काही गोठलंच नव्हतं. वरचा पापुद्रा दोन बोटांचा, आणि त्याखाली कासियानची मूठ मनगटापर्यंत आत गेली.

"मूठ!" तो खालून ओरडला. "खालीसुद्धा मूठच. ऊन चढलं की सगळं घसरणार, वेन्डेल. नऊला बंद कर."

"लिहिलं रे बाबा, लिहिलं. ये वर, म्हातारा झालास."

कासियानचे हात ओले, चष्म्यावर वाफ. त्याने नेहमीसारखी न वाचता सही ठोकली. बावीस वर्षांत त्याने एकदाही कागद वाचला नव्हता. मित्राने लिहिलेलं तपासायचं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं, असा त्याचा हिशेब. भाबडेपणाच तो, पण त्या गावात त्यालाच दोस्ती म्हणत.

घरी येऊन त्याने मुलीला फोन केला. नॉटबुर्गा खालच्या शहरात राहायची आणि दोन पोरांना घेऊन सणाला येणार होती. "रस्ता नऊला बंद होतोय. संध्याकाळी ये," त्याने सांगितलं, आणि निर्धास्त मनाने गाई दोहायला गेला.

साडेदहाला तो दुधाची बरणी घेऊन वेन्डेलिनच्या हॉटेलात पोचला. स्वयंपाकघरात वेन्डेलिनची मुलगी रोझिना ईस्टरच्या पावाची वेणी घालत होती. ती खालच्या शहरात औषधांच्या दुकानात कामाला, शनिवार कधी चुकवायची नाही.

"तू आज घरी कशी?"

"पप्पांनी अडवलं. म्हणाले, आज त्या रस्त्याला पाऊल टाकायचं नाही." रोझिना हसली. "मी म्हटलं, अहो, रस्ता उघडा आहे, तर माझ्यावरच खेकसले."

कासियानने बरणी खाली ठेवली. खिडकीतून त्याला पाहुण्यांच्या गाड्या एकामागून एक रस्त्याला लागताना दिसल्या. रस्त्याच्या तोंडाशी असलेला दिवा हिरवा होता.

वेन्डेलिन दारात पाहुण्यांना हात हलवून निरोप देत होता. कासियानने त्याची कॉलर धरून त्याला बाजूला ओढलं.

"काय लिहिलंस तू?"

"हळू बोल, लोक आहेत."

"काय लिहिलंस?"

"सुरी," वेन्डेलिन म्हणाला. मग भराभरा बोलायला लागला. "अरे, चाळीस खोल्या आहेत. जुने गेल्याशिवाय नवे येणार कुठून? दुपारपर्यंत टिकतो रे तो उतार, दर वर्षी टिकतो. आणि तूही सही केलीयस."

"न वाचता!"

"मग वाचायची होतीस."

कासियानला मारायचं होतं, पण वेळ नव्हता. तो शेजारच्या अग्निशमन केंद्राकडे धावला, काच फोडून त्याने आतलं बटण दाबलं आणि रस्त्याचा दिवा लाल केला. पाठोपाठ खिशातला फोन वाजला.

"बाबा, आम्ही आलोच," नॉटबुर्गा म्हणाली. "बोगद्यात शिरतोय. दहा मिनिटांत घरी."

बोगदा संपला की पुढे तोच उतार.

"तिथेच थांब! बोगद्यातून बाहेर पडू नकोस. पुढच्या-मागच्या सगळ्यांना थांबव. हॉर्न वाजव!"

"अहो, पण काय झा..."

"नॉटबुर्गा, थांब!"

फोनमध्ये हॉर्न ऐकू आला, मागून दुसरा, तिसरा. मग डोंगर सुटला. जुनी लाकडं गाडीतून ओतावीत तसा आवाज आधी वरून आला आणि नंतर फोनमधून. रस्ता दोनशे पावलं गाडला गेला; पाहुण्यांच्या गाड्या लाल दिव्यापाशीच अडून राहिल्या होत्या. फोनवर धाकटा नातू रडत होता. कासियान त्या रडण्याला कान लावून जमिनीवर बसून राहिला. पोर रडतंय म्हणजे जिवंत आहे, एवढंच त्याला कळत होतं.

वेन्डेलिन धापा टाकत आला. त्याने कासियानच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणाला काही झालं नाही ना? मग झालं तर. आपल्या दोघांतच ठेवू."

कासियानने तो हात उचलून बाजूला केला. "रोझिना पाव छान करते," तो म्हणाला. "उद्या सगळ्या गावासमोर विचारेन तिला, शनिवारी घरी कशी होतीस म्हणून."

वेन्डेलिनचा चेहरा उतरला. फोन अजून चालू होता.

"संध्याकाळी ये म्हणून सांगितलं होतं ना तुला?" कासियानने विचारलं.

"हो, पण गावाच्या इंटरनेटवरच्या पानावर रस्ता उघडा दाखवत होते," नॉटबुर्गा म्हणाली. "मला वाटलं, बाबांचं मत बदललं असेल. खाली तुमची सही होती, म्हणूनच तर निघाले."