नोंद आढळली नाही

त्या आठवड्यात ग्वाल्हेरवर असा कोहरा उतरला होता की सिटी सेंटरमधल्या ऑफिसच्या खिडकीतून किल्ला तर सोडाच, समोरच्या बँकेची पाटीही दिसत नव्हती. खालून हॉर्न ऐकू यायचे, पण गाड्या दिसायच्या नाहीत. रस्ता कुठेतरी दुसरीकडे वाहून गेलाय, असं सीमंतिनीला वाटत राहायचं.

ती एका खासगी रुग्णालय-समूहाच्या संगणक विभागात होती. ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, नागपूर, सगळ्या शाखांची नोंदणी आणि बिलं चार सर्व्हरांवर चालायची, आणि रोज दुपारी हे सर्व्हर एकाएकी जड व्हायचे. काउंटरवर रांगा खोळंबायच्या. थोड्या वेळानं सगळं आपोआप सुरळीत व्हायचं, कारण मात्र सापडायचं नाही. म्हणून विभागप्रमुख हेमेंद्रजींनी तिला मॉनिटरिंग एजंट बसवायला सांगितलं होतं. एजंट म्हणजे एक छोटासा प्रोग्राम. तो सर्व्हरच्या आत बसतो, आलेल्या प्रत्येक मागणीला किती वेळ लागला ते मोजतो आणि पडद्यावर त्याचा आलेख काढतो.

एकेका सर्व्हरवर तिनं तो ठेवला, सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये त्याची ओळ घातली आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तीन सर्व्हर पडद्यावर आले, चौथा काही येईना. फायरवॉलनं त्याची वाट अडवली होती. नेटवर्कवाल्यांना फोन करून तिनं ती उघडून घेतली, आणि मग चौथी हिरवी रेघ हळूच उमटली, धुक्यातून कुणी चालत यावं तशी.

दुपारी जेवण झाल्यावर त्या चारही रेघा एकदम उंच उठल्या. सीमंतिनीनं शिखरावर क्लिक केलं. ग्वाल्हेरच्याच हजीरा शाखेतून एक शोध चालला होता. नोंदणी क्रमांक नाही, गाव नाही, वय नाही. फक्त नावाची सुरुवात, तीही सगळ्या शाखांत आणि सगळ्या वर्षांत. तेवढ्यासाठी सर्व्हर लाखो नोंदी चाळत होता आणि बाकीचे लोक मागे थांबले होते. टाइप केलेलं नाव स्पष्ट दिसत होतं : अभिराम. उत्तर होतं : नोंद आढळली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शोधणाऱ्याचं नाव मधु खानवलकर, नोंदणी काउंटर.

खरं तर लोकांची नावं झाकण्याची सेटिंग आधीच लावायला हवी होती. सीमंतिनीनं ती आता लावली, आणि अभिरामच्या जागी चांदण्यांच्या खुणा आल्या. संध्याकाळी हेमेंद्रजींनी विचारलं, काही कळलं का. तिनं एक दिवस मागून घेतला. आधी स्वतः जाऊन पाहते, म्हणाली.

ई-रिक्षा हजीऱ्याकडे निघाली तेव्हा चालक अंदाजानंच चालवत होता. दुकानं अचानक समोर यायची आणि विरून जायची. मधु चाळिशीची, बारीक चणीची बाई होती, साडीवर मरून स्वेटर घातलेली. सीमंतिनीनं आपण कोण ते सांगितल्यावर ती घाबरली नाही. काउंटर दुसरीला सोपवून ती तिला मागच्या बाकावर घेऊन गेली आणि पर्समधून तीळ-गुळाच्या गजकची पुडी काढून पुढे केली.

अभिराम तिचा धाकटा भाऊ. वडिलांशी भांडून घर सोडून गेला. पुढे वडील गेले, तेव्हाही आला नाही. मधु हे सगळं एकसुरात सांगत होती, जसं काही दुसऱ्याच घरातलं सांगावं.

"तो सापडावा म्हणून नाही शोधत मी," ती म्हणाली. "सापडू नये म्हणून शोधते. नाव आलं नाही की वाटतं, चला, आज कुठे आजारी नाही. मग घास उतरतो."

 सीमंतिनीच्या हातातला गजक बोटांत चुरला. मग शक्य तितक्या हळुवारपणे तिनं सांगितलं की या शोधामुळे झाशीपर्यंतचे काउंटर अडतात, आणि लोकांच्या नोंदी अशा कामासाठी नसतात. सोमवारपासून नुसत्या नावानं शोध बंद होईल.

मधुनं मान हलवली. चुकीचं आहे हे ठाऊक होतं, पण कुणी रांगेत ताटकळतं हे नव्हतं ठाऊक. गजकची पुडी घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवली.

"त्याचा पत्ता कुणालाच माहीत नाही?" सीमंतिनीनं विचारलं.

"अपूर्वला आहे. त्याचा मित्र, सराफ्यात दुकान आहे त्याचं. नंबर देत होता मला. मीच नाही घेतला." मधुनं बोटांवरचे तीळ झटकले. "घेतला असता तर लावावा लागला असता."

सीमंतिनीनं हेमेंद्रजींना सगळं खरं सांगितलं, मधुचं नावसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, स्वतः मधुला बोलावून तोंडी समज दिली आणि विषय तिथेच मिटवला.

सोमवारी दुपारी चारही रेघा सपाट होत्या. झाशीहून फोन आला की वाह, आज मशीन उडतंय. सीमंतिनी मात्र त्या सपाट रेघांकडे बघत अस्वस्थ होत गेली. कुठेतरी एक बाई भावाचं काहीच न कळता बसली असेल.

तेवढ्यात मधुचाच फोन आला. ती सुट्टी घेऊन सराफ्यात आली होती, नंबर घेतला होता, पण एकटीनं लावायचा धीर होत नव्हता. येशील का, एवढंच तिनं विचारलं.

सराफ्यात दुकानांचे दिवे भरदुपारी लागलेले होते, आणि कोहऱ्यात ते पाण्याखाली लावल्यासारखे दिसत होते. एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघी बसल्या. मधुनं नंबर लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली, मग तिकडून आवाज आला, आणि मधुनं फोन दोन्ही हातांनी धरला. सीमंतिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अभि, मी मधुताई," ती म्हणाली. "बरा आहेस ना?"

 पलीकडे तो खोकला. "हो. जरा सर्दी झालीय, बस."

मधु हसायला लागली आणि हसता हसताच तिचे डोळे वाहू लागले. औषध घेतलंस का, काढा करून पी, आणि तू राहतोस तरी कुठे, अशी ती बोलत सुटली. तो नागपूरला होता, एका छापखान्यात. होळीला बघतो, असं काहीसं म्हणाला. येतो असं नाही म्हणाला.

सीमंतिनी हळूच उठली आणि चार पावलं दूर गेली. मागे वळून पाहिलं तर पायरी दिसत नव्हती, मधुही दिसत नव्हती. नुसता तिचा आवाज येत होता, आल्याचा काढा कसा करायचा ते सांगणारा.