पन्नास दिवसांची रेष

आमच्या घरात प्रत्येकाला बाजार कळतो. सासऱ्यांना हळदीचा कळतो, नवऱ्याला सगळाच कळतो असं त्याला वाटतं, आणि मला मात्र कुठलाच कळू नये असं दोघांनाही वाटतं.

मी मुबश्शिरा. माहेर रहिमतपूर, सांगलीच्या हळदीच्या अडत्याकडे दिलेली. निकाहात मिळालेला मेहेर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची तिच्या एकटीच्या हक्काची रक्कम, मी निफ्टीच्या फंडात घातला. ऑप्शनच्या वाटेला मी जात नाही, ठरलेल्या मुदतीत भाव कुठे जाईल यावर लावलेला तो जुगार आहे. मी फक्त एक रेष बघते: गेल्या पन्नास दिवसांच्या भावांची सरासरी. बाजार तिच्या वर बंद झाला की घ्यायचं, खाली बंद झाला की विकायचं. मध्ये माझ्या मनाला विचारायचं नाही, दुसऱ्याच्या तर मुळीच नाही.

मागच्या आठवड्यात बाजार रेषेखाली बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं विकलं आणि शहाण्यासारखं गप्प बसायचं सोडून जेवताना बोलून बसले.

सासरे, सिकंदर अब्बा, भाकरी मोडता मोडता थांबले. "पडल्यावर कोण विकतं गं? भाव पडला की माल पेवात टाकायचा आन् गप बसायचं."

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकते, म्हणून आमच्याकडची माणसं दिसेल ते पेवात टाकायला बघतात. माझ्या नवऱ्यानं, तारिकनं, गेल्या साली चक्क ऑप्शन तसे धरून ठेवले होते. मुदत संपली, त्यांची किंमत शून्य झाली, तरी हा भाव परत येईल म्हणून वाट बघत होता. आता तोच मला अक्कल शिकवायला लागला. "रेषा बघून कुटं धंदा हुतो व्हय? अब्बांचं ऐक."

"आवं, तुमच्या पेवातल्या ऑप्शनला कोंब फुटलं का?" मी विचारलं. सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या. तारिक ताटावरून उठून गेला.

पण आठवडा सरला नाही तोच बाजार उसळला आणि पुन्हा रेषेच्या वर बंद झाला. मी विकलं होतं त्याहून बराच वर. रेषेनं मला तोंडघशी पाडलं होतं. बाजार नुसता हेलकावे खात असला की ती अशी दोन्हीकडून थपडा मारते. हे मला माहीत होतं, तरी लागलं, फार लागलं. आता नियमाप्रमाणे स्वस्तात विकलेलं महागात घ्यायचं होतं, आणि तेही या दोघांच्या डोळ्यांदेखत.

सकाळी चहाला सगळे बसले होते. अब्बांनी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि हात माझ्यासमोर धरला. हळदीच्या जुन्या सौद्यात भाव असाच ठरायचा, रुमालाखाली बोटं दाबून, शेजारच्याला पत्ता लागू न देता. अब्बांनी केली ती मस्करीच होती, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

"चूक हुती माणसाच्या हातनं," ते म्हणाले. "आता फोन तारिककडं दे. तो बघंल तुझं खातं. भाईर कुणाला कळणार न्हाई, तुझी इज्जत बी ऱ्हाईल."

मी रुमाल उचलला, त्याची घडी घातली आणि त्यांच्या कपाशेजारी ठेवली. माझा संताप झाला होता आणि मी तो लपवला नाही.

"मेहेर माझा हाय, अब्बा. निकाहात चारचौघांसमोर कबूल झालाय. त्याचा सौदा बी चारचौघांसमोरच हुईल."

बाजार उघडला होता. मी फोन सगळ्यांना दिसेल असा मध्ये ठेवला आणि सगळ्या पैशांची खरेदी टाकली.

"आगं, म्हाग घेतीयास," तारिक म्हणाला.

"व्हय. म्हाग घेतीया."

अब्बांनी रुमाल उचलून परत खांद्यावर टाकला. "आन् पुन्हा रेषेखाली गेलं तर?"

"पुन्हा विकीन."

"आन् असं करता करता समदंच गेलं तर?"

"तर माझं जाईल, अब्बा. या घरात जायला माझं असं दुसरं हाय तरी काय?"