दादाचा कान

ते २००४ साल. टेलिफोन एक्स्चेंजमधून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि चौकातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरणाऱ्या कॉम्प्युटरच्या वर्गाला जात होते. शिकवणारा मुलगा माझ्या लेकाच्या वयाचा. मी त्याला सर म्हणायचे, तो मला काकू. पहिल्या दिवशी मी माउस टेबलावरून उचलून हवेत फिरवला तरी तो हसला नाही. तेव्हाच मी त्याला गुरू मानून टाकलं.

वेळ घालवायला जाते, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण शेंडी.

शेंडी म्हणजे आमचं शेंडेफळ, माझी धाकटी बहीण. ती तीन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा बाबा गेले. तिच्या जन्माआधी स्टुडिओत काढलेला एक फोटो घरात होता. खुर्चीत कोट घातलेले बाबा, त्यांच्या कुशीत शिरून उभा आमचा मोठा दादा, पायाशी मी. पुढे बाबांनी स्वतःच कॅमेरा घेतला आणि मग ते कुठल्याच फोटोत दिसेनासे झाले, कारण सगळे फोटो तेच काढायचे. त्यामुळे बाबांबरोबर शेंडीचा एकही फोटो नाही. लहानपणी आम्ही तिला चिडवायचो, की तुला बाजारातून आणलंय, पुरावा दाखव. तीही हसायची, पण तिचं हसू जरा उशिरा यायचं.

त्या वर्षी तिच्या नवऱ्याची बदली झाली, तीही थेट समुद्रापलीकडे. सामान बांधता बांधता ती मला म्हणाली, "ताई, चौकातल्या त्या कॉम्प्युटरच्या वर्गात म्हणे एका फोटोतला माणूस उचलून दुसऱ्यात ठेवायला शिकवतात. जायच्या आधी मला एकदा बाबांच्या शेजारी बसव ना."

झालं. माझ्या अंगात वारं शिरलं. मी वर्गाला नाव घातलं, स्कॅनर घेतला. त्याच्याबरोबर फोटो सुधारायच्या प्रोग्रॅमची सीडी फुकट आली होती. सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसायचे आणि तो तसाच गार व्हायचा. एका चित्रावर दुसरं ठेवायचं, काचेवर काच ठेवावी तसं, आणि वरची काच हलवली तरी खालची जागची हलत नाही, हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरून आले. आणि ते मागे जायचं बटण! एक्स्चेंजमध्ये चुकीची तार ओढली की दोघांचं बोलणं तुटायचं, ते काही केल्या तसंच्या तसं जोडता यायचं नाही. इथे नाक पुसलं तरी एका टिचकीत परत जागेवर.

शेंडीचा फोटो मी निवडला तोही आमच्या घरचा ठरलेला विनोदच होता. पत्त्याएवढा लहान, काळपट. दोन वर्षांची शेंडी ट्रंकेवर बसलीय, तोंड कॅमेऱ्याकडे नाहीच, शेजारच्या कपाटाच्या अंधारात बघून खिदळतेय. येडी कपाटाला हसते, असं आई म्हणायची.

स्टुडिओतले बाबा मी कडेकडेने कापले, ट्रंकेवर बसवले आणि रविवारी दादाला आणि शेंडीला घरी बोलावलं.

दादाला हा प्रकार मुळातच पसंत नव्हता. जे झालंच नाही त्याचा फोटो म्हणजे खोटी साक्ष, असं त्याचं म्हणणं. तो चष्मा नाकावर ओढून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"हे बाबांच्या बाहीला काय चिकटलंय?"

"कुठे?"

"हे. हा माझा कान आहे."

खरंच होता. बाबांच्या कुशीतून मी दादाला काढलं होतं, पण त्याचा डावा कान कोटावरच राहिला होता. शेंडी हसून हसून पलंगावर आडवी झाली. दादा म्हणाला, "सबंध मला हाकललंस, निदान कान तरी परत दे."

हसू ओसरल्यावर शेंडी पुन्हा पडद्याजवळ आली. "छान झालंय गं," ती म्हणाली. "पण बाबा माझ्याकडे बघतच नाहीयेत."

कसे बघतील? ते स्टुडिओवाल्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी सगळं सरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, कान पुसणं सोपं आहे, पण बाबा उजेडात आणि बहीण अंधारात आहे, म्हणून ते पाहुण्यासारखे वाटतात. आधी बहिणीचा मूळ फोटो उजळू. त्यांनी तो मोठा करून पुन्हा स्कॅन करायला लावला आणि उजेडाची पट्टी दाखवली. "काळं म्हणजे कोरं नसतं, काकू. हळूहळू सरकवा."

मी सरकवत गेले. ट्रंकेची कडी दिसली. मग कपाटाचं दार. दारावर आरसा होता, हे मी विसरूनच गेले होते. आरशातला काळोख करडा झाला आणि त्या करड्यात एक सदरा दिसला. सदऱ्यापुढे, पोटाशी धरलेला, वरून बघायचा चौकोनी कॅमेरा.

"सर," मी म्हटलं, "ह्या आरशात कोणीतरी आहे."

त्यांनी खुर्ची ओढली. मी पट्टी आणखी केसभर सरकवली. माणसाचा चेहरा वर आला. कॅमेऱ्यात बघायचं सोडून तो आरशातून ट्रंकेवरच्या पोरीकडे बघत होता, डोळे वाटोळे केलेले आणि जीभ बाहेर.

प्रिंट ओली आहे, वाळू द्या, असं सर सांगत होते. मी ती तळहातावर ताटासारखी धरून निघाले. रस्त्यात फोन करायचंही सुचलं नाही, थेट शेंडीच्या दारात. दादा तिच्याकडे खोकी बांधायला आलेला होता.

शेंडीने प्रिंट खिडकीपाशी नेली, उलटी केली, सुलटी केली. मग तिने त्या चेहऱ्याकडे बघून डोळे वाटोळे केले आणि जीभ बाहेर काढली.

दादा खोक्यावरच बसला. "आम्हाला कधी जीभ दाखवली नाही बाबांनी. सरळ बसा, हलू नका, एवढंच म्हणायचे." मग शेंडीला म्हणाला, "घे तुझा पुरावा."

शेंडी तो फोटो हातातल्या पिशवीतून घेऊन गेली, सामानात दिला नाही. ती आता तिकडे आजी झालीय आणि फोटो तिच्या कपाटाच्या आरशालाच लावलेला आहे. सरांनी पुढे स्वतःचं दुकान काढलं, जुने फोटो दुरुस्त करायचं. गिऱ्हाइकाला ते आधी सगळे काळे कोपरे उजळून दाखवतात. दादाने पुढच्याच महिन्यात वर्गाला नाव घातलं आणि अखेरपर्यंत नातेवाइकांच्या फोटोंचे रंग सुधारत राहिला, कोणी सांगो न सांगो. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. मी जोडलेला तो पहिला फोटो त्याने माझ्याकडून मागून घेतला होता, तो त्याच्या टेबलाच्या काचेखाली सापडला. त्यातलं त्याने सगळं दुरुस्त केलं होतं, उजेड, सावली, कोटाची कड. कान तेवढा बाबांच्या बाहीवर तसाच ठेवला होता.

आता तो माझ्या टेबलावर आहे.